ठिपका वेगळा का पडला?

कवटी, शिंपला, दात किंवा दगडी हत्यार थ्रीडीमध्ये स्कॅन करून आकारांची तुलना करणं आता कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत येऊन पोहोचलंय. पण ग्राफवर एखादाच नमुना सगळ्यांपासून फटकून बसला, तर तो शोध समजायचा की झोल?

चाळीस नमुने स्कॅन झालेत. प्रत्येकावर पॉइंट लावून झालेत. सबमिशन चार दिवसांवर आलंय. सॉफ्टवेअरमध्ये डेटा टाकला, ग्राफ उघडला आणि एकोणचाळीस ठिपके एका कोपऱ्यात गुण्यागोविंदाने बसलेले, चाळिसावा मात्र पार दुसऱ्या टोकाला! अशा वेळी ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "भारी! काहीतरी नवीन सापडलं." दुसरी म्हणते, "उडव तो. कुणाला कळणारे?"

दोन्ही पार्ट्यांना घाई झालेली असते. हा ठिपका हाडामुळे वेगळा पडलाय की फाईलमुळे, हे कळल्याशिवाय त्याला मिरवताही येत नाही आणि उडवताही येत नाही. झूलॉजी, आर्किओलॉजी, अँथ्रोपॉलॉजी किंवा डेंटलला असाल, तर आज ना उद्या हा प्रश्न तुमच्या स्क्रीनवर येणारच आहे. त्याचा छडा कसा लावायचा, ते बघू.

पत्ता सांगतो तसा आकार सांगायचा

स्कॅनर किंवा सीटी मशीनमधून जी वस्तू कॉम्प्युटरमध्ये येते, तिला मेश म्हणतात. मेश म्हणजे जाळी. वस्तूचा पृष्ठभाग लाखो छोट्या त्रिकोणांनी मढवलेला असतो. प्रत्येक त्रिकोणाला तीन कोपरे, प्रत्येक कोपऱ्याला तीन आकडे. आडवं, उभं आणि खोल. बस, बाकी काही नाही. ती कवटी आहे की कप, हे मेशला माहीत नसतं.

म्हणून त्यावर आपण खुणेचे पॉइंट लावतो. हे लँडमार्क. आपण एकमेकांना पत्ता सांगतो, तेच इथे करायचं असतं. "दोन रस्ते मिळतात त्या चौकात ये" म्हटलं की कुणीही बरोबर पोहोचतं. "टेकडीच्या माथ्यावर ये" म्हटलं की बहुतेक जण पोहोचतात. "गावातल्या शेवटच्या घराशी ये" म्हटलं की मात्र गोंधळ, कारण शेवटचं घर कुठलं हे तुम्ही कुठून मोजताय त्यावर ठरतं. फ्रेड बुकस्टीन या अभ्यासकाने १९९१ मध्ये लँडमार्कचे जे तीन प्रकार मांडले, ते साधारण याच चालीचे आहेत. हाडांचे सांधे मिळतात तो पहिला प्रकार, टोक किंवा खाच हा दुसरा, आणि 'सर्वांत लांबचा बिंदू' वगैरे तिसरा. बाळाची टाळू आठवा. ती भरल्यावर त्या जागी कपाळाचं हाड आणि डोक्याची दोन हाडं जिथे मिळतात, तो बिंदू पहिल्या प्रकारातला. तो सगळ्यांच्या कवटीत असतो आणि कुणालाही सापडतो.

पुढची पायरी म्हणजे सगळ्या नमुन्यांचे पॉइंट एकमेकांवर बसवणं. कुणाची कवटी तिरकी स्कॅन झालेली असते, कुणाची मोठी असते. म्हणून सगळ्यांचे मध्य एकावर एक आणायचे, सगळ्यांना सारख्या मापाचं करायचं आणि जास्तीत जास्त जुळेपर्यंत फिरवायचं. या पद्धतीला प्रोक्रस्टीसचं नाव दिलंय. हा ग्रीक पुराणकथेतला एक दरोडेखोर. पाहुण्याला पलंगावर झोपवायचा आणि पलंगाच्या मापात बसवण्यासाठी ताणायचा नाहीतर पाय कापायचा. आपली पद्धत एवढी क्रूर नाही. ती ताणत-कापत नाही, फक्त सरकवते, फिरवते आणि लहान-मोठं करते. त्यानंतर जो फरक उरतो, त्याला आपण आकारातला फरक म्हणतो.

खरी गोम इथेच आहे. या 'उरलेल्या' फरकात निसर्गाने केलेला फरक असतो आणि आपण केलेला घोळही असतो. गणिताला दोन्ही सारखेच दिसतात.

पहिला संशयित : मेश

तपास नेहमी मुळापासून सुरू करायचा. पॉइंट नंतर, आधी मेश.

सीटी स्कॅन म्हणजे पावाच्या स्लाइसप्रमाणे कापांचा गठ्ठा. एका कापातल्या दोन पिक्सेलमधलं अंतर समजा ०.२५ मिमी आहे आणि दोन कापांमधलं अंतर ०.५ मिमी. मूळ फाईलमध्ये ही माहिती असते. पण काप साध्या इमेजच्या रूपात बाहेर काढले की ती गळून पडू शकते. मग सॉफ्टवेअरला आपण सगळीकडे ०.२५ सांगितलं, तर त्या दिशेने कवटी निम्म्याने चेपते. प्रोक्रस्टीस हे दुरुस्त करू शकत नाही. एकाच दिशेने चेपणं म्हणजे आकारच बदलणं. ठिपका लांब जातो आणि आपण म्हणतो, किती चपटी जात आहे ही!

याच्या उलट स्वभावाची चूक म्हणजे एककाची. एसटीएल नावाच्या लोकप्रिय फाईलमध्ये आकडे असतात, पण ते मिलिमीटर आहेत की मीटर, हे लिहिलेलं नसतं. माणसाची साधारण १८० मिमी लांब कवटी कुणी मीटरमध्ये सेव्ह केली, तर ती ०.१८ होते. गंमत म्हणजे आकाराच्या ग्राफवर ती काहीच बोंब मारत नाही, कारण सगळ्यांना सारख्या मापाचं करण्याच्या पायरीत ती चूक धुऊन निघते. पण पुढे तुम्ही 'मोठ्या प्राण्यांचा आकार कसा बदलतो' हे बघायला गेलात, की हजारपट लहान झालेली ती कवटी सगळं गणित बिघडवते. त्यामुळे आकाराच्या ग्राफबरोबर मापांची यादीही वरपासून खालपर्यंत वाचायची. दोन मिनिटांचं काम आहे.

आता जाळीची तब्येत. स्कॅनरला खोबणीच्या आतलं दिसलं नाही, तर तिथे भोक राहतं. सॉफ्टवेअर एका क्लिकवर ते बुजवून देतं आणि मॉडेल एकदम चकाचक दिसतं. पण बुजवलेला भाग हा सॉफ्टवेअरचा अंदाज आहे, हाड नाही. तिथे लँडमार्क लावला तर तुम्ही अंदाज मोजताय. काही त्रिकोण उलटे बसलेले असतात, म्हणजे त्यांची 'बाहेरची' बाजू आत गेलेली असते. मॉडेलवर काळे डाग किंवा आरपार दिसणारे पॅच दिसले, तर हाच संशय घ्या. काही तुकडे हवेत तरंगतात. हा नमुना ठेवलेल्या फोमचा किंवा स्टँडचा अवशेष असतो. आणि लॅपटॉप हँग होतोय म्हणून त्रिकोण कमी करणं ठीक आहे, पण इतके नाही की दाताच्या बारीक कडा गुळगुळीत होतील. इटलीतल्या पिसा शहरात तयार झालेलं मेशलॅब हे फुकट सॉफ्टवेअर या सगळ्या साफसफाईला पुरतं. एक नियम मात्र पाळा : मूळ फाईलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं.

आरशातली कवटी

सगळ्यात लबाड चूक आरशाची. सीटीचे काप उलट्या क्रमाने लागले, म्हणजे शेवटचा आधी आणि पहिला शेवटी, की तयार होणारी कवटी मूळ कवटीचं आरशातलं प्रतिबिंब असते. डावं ते उजवं, उजवं ते डावं.

मांडीचं हाड असेल, तर भांडं लगेच फुटतं. डाव्या पायाचं हाड उजव्यांच्या घोळक्यात गेल्यावर कितीही फिरवलं तरी जुळत नाही आणि त्याचा ठिपका लांब पडतो. कवटीचं तसं नाही. तिच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात. आरशातली कवटी स्क्रीनवर अगदी नॉर्मल दिसते. तुम्ही डावीकडचे पॉइंट डावीकडे लावता, उजवीकडचे उजवीकडे, आणि ठिपकाही घोळक्यातच बसतो. पण तुमचा प्रोजेक्ट डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरच असेल, तर त्या नमुन्याचं उत्तर बरोबर उलटं आलेलं असतं आणि ते ओरडून सांगणारं कुणी नसतं.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, म्युझियमच्या कपाटात आहे. पडलेला दात कुठल्या बाजूचा? तुटलेलं हाड कुठलं? कवटीवर शाईने नंबर लिहिलेला असेल आणि स्कॅन रंगीत असेल, तर तो नंबर सरळ वाचता येतो का? स्कॅन करतानाच अशी एक तरी खूण वहीत टिपून ठेवा आणि प्रत्यक्ष नमुन्याचे चार फोटो काढून ठेवा.

दुसरा संशयित : पॉइंट

मेश ठणठणीत आहे? मग पॉइंटकडे वळू. इथे चुका ठरलेल्या आहेत, त्यामुळे त्या पकडणंही सोपं आहे.

एक, क्रम. कॉम्प्युटरसाठी लँडमार्कला नाव नसतं, नंबर असतो. बाकी नमुन्यांत सातवा पॉइंट डाव्या डोळ्याच्या खोबणीवर आहे आणि एकात उजव्या, तर तुलना संपलीच. पॉइंटना क्रमाने रेषा जोडून चित्र काढा. सगळ्या नमुन्यांत ओळखीची आकृती दिसेल आणि गडबड झालेल्यात रेषा चेहऱ्यावरून आडवी धावेल.

दोन, शून्य. हाड तुटलंय, पॉइंट लावता येत नाही, म्हणून रकाना भरायचा तर ०, ०, ० टाकलं. कॉम्प्युटरला वाटतं, पॉइंट खरंच तिथे आहे. मग कवटीला शून्याच्या दिशेने एक भलंमोठं शिंग फुटतं. नसलेल्या पॉइंटला 'नाही' असंच लिहायचं. आर या फुकट प्रोग्रॅमिंग भाषेत जिओमॉर्फ आणि मॉर्फो अशी दोन पॅकेजेस आहेत. बाकीच्या नमुन्यांवरून किंवा त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बाजूवरून हरवलेला पॉइंट काढून द्यायची सोय त्यांत आहे. असे पॉइंट कुठले, हे रिपोर्टमध्ये सांगायचं मात्र.

तीन, तरंगणारे पॉइंट. मेश एका जागी आणि तिचे पॉइंट हवेत दुसरीकडेच. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे दिशांचा करार वेगळा असणं. थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर आतमध्ये उजवी, पुढची आणि वरची बाजू प्लस धरतं. मेडिकल इमेजच्या फाईलमध्ये मात्र डावी, मागची आणि वरची बाजू प्लस असते. म्हणजे पहिल्या दोन आकड्यांचं चिन्ह उलटं. फाईलच्या सुरुवातीला कुठला करार पाळलाय ते लिहिलेलं असतं, पण ती ओळ कोण वाचतं? नुसत्या पॉइंटची तुलना केली तर हा घोळ लपतो, कारण तो शेवटी फिरवण्याचाच प्रकार आहे. पॉइंट मेशवर टेकवायला गेलात की मात्र सगळं गंडतं. आणि या गडबडीत एकाच आकड्याचं चिन्ह बदलून मोकळे झालात, तर अभिनंदन, तुम्ही नवी आरशातली कवटी तयार केलीत.

पिनोकिओचं नाक

समजा एका नमुन्यात फक्त नाकाच्या टोकाचा पॉइंट चुकलाय, तोही चांगलाच लांब. सगळे नमुने एकमेकांवर बसवल्यावर काय दिसेल? फक्त नाक वेगळं? नाही. एकूण फरक कमीत कमी व्हावा म्हणून पद्धत त्या नमुन्याला थोडं सरकवते, थोडं वळवते. मग कान, जबडा, कपाळ सगळेच थोडेथोडे जागेवरून हललेले दिसतात. एकाची चूक सगळ्यांच्या अंगावर वाटली जाते. अभ्यासकांनी याला खोटं बोललं की नाक वाढणाऱ्या त्या लाकडी पोराचं नाव दिलंय : पिनोकिओ इफेक्ट.

म्हणून ग्राफवर 'सगळाच आकार बदललाय' असं दिसलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. शंका असलेला एकेक पॉइंट वगळून पुन्हा बसवून बघा. एक पॉइंट काढल्यावर ठिपका गुपचूप घोळक्यात परतला, तर गुन्हेगार सापडला. मग मेश उघडा, तो पॉइंट डोळ्यांनी बघा आणि चुकला असेल तर परत लावा. जिओमॉर्फमध्ये सरासरी आकारापासून कुठला नमुना किती लांब आहे याची क्रमवारी मिळते. मॉर्फोमध्ये एकेका नमुन्याची मेश आणि तिच्यावरचे पॉइंट समोर आणून दाखवणारी सोय आहे. कॉम्प्युटर संशयितांची यादी देतो, ओळख परेड आपण घ्यायची.

आणि सगळं तपासूनही ठिपका तिथेच राहिला तर? मेश ठीक, पॉइंट ठीक, फोटोशी जुळतंय. मग तो खराच वेगळा आहे. आजारी प्राणी असेल, पिल्लू असेल, लेबल दुसऱ्याच जातीचं लागलं असेल किंवा खरोखर काही नवं असेल. आता त्याला उडवायचा हक्क कुणालाच नाही.

जे ठिपके शहाण्यासारखे बसतात

आतापर्यंत आपण उठून दिसणाऱ्या ठिपक्याच्या मागे लागलो होतो. पण घोळक्यात बसलेल्या एकोणचाळीस जणांची चौकशी कुणी केली? त्यांच्यातही चुका असतात. आपल्याला हवा तसा ग्राफ आला की आपण तपासणी थांबवतो, एवढंच.

इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला 'युगान्त' आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकाच्या शेवटी, तिशीही न गाठलेल्या इरावतीबाई बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत कवट्या मोजत होत्या. विषय होता कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. त्यांचे गाईड ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांनी विज्ञानाचा मुलामा दिला, त्यांतलं हे मोठं नाव. या फरकाचा संबंध वंशाशी असतो आणि गोरे युरोपीय त्यात वेगळे ठरतात, असं फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. तो संबंध सापडला नाही. आणि त्यांनी तसंच लिहिलं. परका देश, गाईडच्या हातात डिग्री आणि आकडे गाईडच्या विरोधात! अशा वेळी आपल्या मापांवर ठाम राहायचं, तर ती मापं आधी पक्की असावी लागतात.

दुसरी गोष्ट नागपूरपासून सुरू होते. १९२० मध्ये तिथे सायन्स काँग्रेस भरली होती. झूलॉजिकल सर्व्हेचे नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तरुण प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा डेटा तपासायला दिला. फिजिक्सचा हा माणूस तिथून मापांच्या नादाला लागला. १९३३ मध्ये त्यांनी 'संख्या' या आपल्या नव्या नियतकालिकात हर्बर्ट रिझली यांनी बंगालच्या जाती-जमातींच्या घेतलेल्या मापांची दुरुस्ती छापली. रिझली म्हणजे ब्रिटिश राजवटीतलं बडं प्रस्थ. त्यांचे आकडे छापलेले आहेत म्हणजे बरोबरच असणार, असं महालनोबिस यांनी धरलं नाही. १९३६ मध्ये त्यांनी अंतर मोजायची जी रीत मांडली, तिला आज जगभर 'महालनोबिस अंतर' म्हणतात आणि फटकून बसलेले ठिपके शोधायलाही ती वापरतात.

तेव्हा स्कॅनर नव्हता, मेश नव्हती. प्रश्न मात्र हाच होता : हा फरक माणसांत आहे की मोजण्यात? मोजमापातली चूक पूर्वग्रहाशी जुळली की तिचं 'सत्य' व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे मनासारखा आलेला ठिपका जास्त कडकपणे तपासायचा.

मग करायचं काय?

सोपी कसोटी म्हणजे तेच काम परत करणं. आठ-दहा नमुने निवडा आणि काही दिवसांनी, आधीचे पॉइंट न बघता, परत लावा. जमल्यास मित्राकडूनही लावून घ्या. एकाच कवटीचे तीन वेळचे ठिपके एकमेकांना चिकटून पडले, तर हात स्थिर आहे. ते शेजारच्या कवटीपेक्षाही लांब पडले, तर तुम्ही कवट्यांमधला फरक मोजतच नाही आहात. आपल्या हाताचा थरथराट मोजताय. डाव्या-उजव्या बाजूंतला फरक फार बारीक असतो, म्हणून तिथे ही कसोटी टाळून चालतच नाही.

नमुन्यांचा क्रमही मिसळा. सोमवारी सगळ्या माद्या आणि शुक्रवारी सगळे नर असं करू नका. आठवडाभरात हात बसतो, पॉइंटची जागा नकळत सरकते आणि मग नर-मादीत जो फरक दिसतो, तो सोमवार आणि शुक्रवारमधला असतो.

आणि एक वही ठेवा. कुठली फाईल कधी, कशी बदलली, कुठलं भोक बुजवलं, कुठला पॉइंट परत लावला, कुठला नमुना काढला आणि का. "का" च्या पुढे "ग्राफ बिघडत होता" एवढंच लिहावं लागत असेल, तर तो नमुना परत आत घ्या. व्हायवाला बाहेरचे परीक्षक त्याच ठिपक्यावर बोट ठेवतील, तेव्हा ही वहीच कामाला येईल.

हात साफ करायला स्वतःचा स्कॅनरही लागत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या मॉर्फोसोर्स या संग्रहात जगभरच्या म्युझियममधल्या नमुन्यांचे थ्रीडी स्कॅन आहेत आणि त्यांतले बरेचसे शिकण्यासाठी उतरवून घेता येतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे १३,००० हून जास्त नमुने स्कॅन करणाऱ्या ओव्हर्ट या प्रकल्पाचा साठाही तिथेच आहे. पाच बेडूक घ्या, दहा पॉइंट ठरवा, प्रत्येकावर तीनदा लावा. मग मुद्दाम एकाचे दोन पॉइंट अदलाबदल करा, एकाला आरशात उलटा करा, एकात ०, ०, ० टाका आणि प्रत्येक वेळी ग्राफ काय बोलतो ते बघून ठेवा. चुकांचे चेहरे एकदा ओळखीचे झाले की पुढच्या वेळी त्या गर्दीतही सापडतात.